लाल कुलपाची चावी

आमच्या ह्यांना कोणी देवमाणूस म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. देवमाणूस म्हणजे काय, तर ज्याच्या डोक्यावर कोणीही यावं, मिरे वाटावेत आणि ज्याने खालून म्हणावं, "जरा बारीक वाटा हं." तेवीस वर्षं मी या देवमाणसाबरोबर संसार केलाय. त्यात देव किती आणि माणूस किती हे मला पाठ आहे, अशी माझी समजूत होती. गेल्या आठवड्यात त्या गच्चीवरच्या खोलीत कळलं की मला निम्मंही ठाऊक नव्हतं.

हे लिफ्टचे मेकॅनिक. म्हणजे होते. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या चारही लिफ्टची देखभाल ह्यांच्या कंपनीकडे. मीही त्याच हॉस्पिटलात, आठव्या मजल्यावर चादरींच्या खोलीत कामाला. धुऊन आलेल्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले घडी घालायचे आणि वॉर्डावॉर्डात पाठवायचे. माझ्या खोलीला लागून एक लोखंडी जिना गच्चीवर जातो. गच्चीवर मशीनरूम. लिफ्ट ओढणारी मोठी चाकं तिथे, चाकांवरून खाली उतरलेले काळे तेलकट दोर, आणि भिंतीवर प्रत्येक लिफ्टचा एक मोठा खटका. खटका खाली ओढला की ती लिफ्ट असेल तिथे मेली. वर केला की जिवंत. आणि हॉस्पिटलात कोणी ना कोणी बटण दाबून उभंच असतं, त्यामुळे जिवंत झाली की ती लगेच हलते.

लिफ्टचं काम एकट्याचं नव्हे. एक माणूस लिफ्टच्या छतावर उभा राहून, ती ज्यातून वर-खाली जाते त्या अंधाऱ्या बोळात काम करतो, दुसरा मशीनरूममध्ये खटक्यापाशी असतो. छतावर जाणाऱ्याने आधी खटका बंद करायचा, त्याला आपलं लाल कुलूप घालायचं आणि चावी आपल्या खिशात ठेवून मगच उतरायचं. म्हणजे तो स्वतः परत येईपर्यंत देवाच्या बापालाही लिफ्ट चालू करता येणार नाही. नियम एवढाच. कंपनीने प्रत्येकाला नंबर टाकलेलं कुलूप दिलेलं. ह्यांचं सात नंबरचं.

ह्यांचा जोडीदार लंबू. नावाप्रमाणे ताडमाड, आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला त्याचं कपाळ किती वेळा आपटलं असेल याचा हिशोब नाही. सोळा वर्षं दोघं बरोबर. ह्यांना दादा म्हणायचा, मला वहिनी, आणि मी त्याला भावोजी. त्याची बायको माहेरी निघून गेली तेव्हा चार महिने तो आमच्याकडेच जेवत होता. माझ्या हातची आमटी पातळ होते असंही वर म्हणायचा. मला राग यायचा नाही, घरचंच माणूस म्हणून.

तर या दोघांनी एक घोळ करून ठेवला होता. पूर्वी एकदा ह्यांच्या शर्टाच्या खिशातून चावी निसटली आणि बोळातून थेट तळाच्या खड्ड्यात पडली. ती शोधण्यात अर्धा दिवस गेला, पेशंट स्ट्रेचरवर ताटकळले, साहेबांनी दोघांची खरडपट्टी काढली. तेव्हापासून ह्यांनीच ठरवलं, छतावर जाताना चावी न्यायचीच नाही. कुलूप घालायचं आणि चावी जोडीदाराच्या हातात द्यायची. मग दोन कुलपं तरी कशाला? लंबूचं आठ नंबरचं कपाटात पडून राहिलं. सात नंबरचं दोघांनाही पुरायचं. ज्यांचा एकमेकांवर जीव असतो तीच माणसं असला गाढवपणा करतात. परक्याच्या हातात आपल्या जिवाची चावी कोण देईल?

सात महिन्यांपूर्वी हे दोन नंबरच्या लिफ्टच्या छतावर होते. दोराचं चाक पुसत होते. वर लंबूला फोन आला, कुणाशी तरी भांडण झालं, डोकं फिरलं, काय झालं ते तोच जाणे. त्याला वाटलं दादा बाहेर आला. त्याने कुलूप काढलं आणि खटका वर केला.

डाव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. हॉस्पिटलातच होते म्हणून जीव वाचला, असं सगळे म्हणाले. हॉस्पिटलात नसते तर लिफ्टच्या छतावर कशाला गेले असते, हे कोणी म्हणालं नाही.

इथवर मी समजू शकते. चूक माणसाच्याच हातून होते. लंबू बाकावर डोकं धरून बसला होता तेव्हा मीच त्याला पाणी दिलं. "भावोजी, बोटंच गेलीत, माणूस आहे," असं मी म्हणाले. मी! आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

पुढच्या आठवड्यात कंपनीची चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, खटक्याला कुलूप होतं का? लंबू म्हणाला, "नव्हतं साहेब."

हे म्हणाले, "होतं. सात नंबरचं. मी स्वतः लावलं."

"असतं तर मी उघडलं कसं?" लंबू म्हणाला. "चावी तर छतावर जाणाऱ्याच्या खिशात असते. नियमच आहे."

बघा, कसा बिनतोड! ह्यांनी सांगितलं की चावी आम्ही खाली नेत नाही, जोडीदाराकडे देतो, वर्षानुवर्षं. तर साहेब म्हणाले, म्हणजे नियम तुम्हीही मोडला, तुमच्याच तोंडून कबूल केलंत. आणि सात नंबरचं कुलूप कुठे आहे? ते सापडलंच नाही. ते कोणी गायब केलं हे सांगायला ज्योतिषी नको.

ह्यांचं मेकॅनिकचं ओळखपत्र काढून घेतलं. मशीनरूमबाहेरच्या फळ्यावर नोटीस लागली, अपघात कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला. खाली ह्यांचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. हे आता मदतनीस. काम काय, तर मशीनरूममध्ये स्टुलावर बसायचं, सांगितलं की खटका बंद, सांगितलं की चालू. रोज त्या नोटिशीसमोरून आत जायचं आणि तिच्यासमोरून बाहेर यायचं.

मी म्हणाले, कोर्टात जा. मी म्हणाले, युनियनकडे जा. मी म्हणाले, निदान त्याची गचांडी धरा, उजव्या हाताची पाच शाबूत आहेत की! हे म्हणाले, "देव बघतोय."

"बघू दे ना. सिनेमा चाललाय का त्याच्यासाठी? काही करणार आहे का?"

"त्याचं तो जाणे."

ह्यांची लग्नाआधीपासूनची सवय, सकाळी उठलं की स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. हात मांडीवर, तोंडाने काही नाही. अपघातानंतर त्या पाचाची पंचवीस मिनिटं झाली. मी आपली भांडी आपटत त्यांच्याभोवती फिरायची. "तुमच्या देवाचं ऑफिस उघडतं किती वाजता? की तिथेही साहेब जाग्यावर नाहीत?" असं मी म्हणायची. ते डोळे उघडायचे नाहीत. मला वाटायचं, हा माणूस आत शांत बसलाय आणि आग काय ती एकट्या मला लागलीय. कोणी शेजारीण म्हणायची, तुझा नवरा म्हणजे देवमाणूस हो. मी दार लावून घ्यायची.

मीही मागत होते देवाकडे, खोटं कशाला बोलू? चादरींच्या घड्या घालता घालता मागायची. न्याय वगैरे मोठं काही मागितलं नाही. एवढंच म्हणायची, त्याचीही दोन घे. दोनच. बाकी मी काही मागत नाही. एक घडी, एक मागणं. दिवसाला तीनशे चादरी तरी होतात.

लंबू एकदा माझ्या दारात आला होता. तेलाने हात भरलेले, पुसायला जुनं फडकं हवं होतं. मी समोर असेन हे त्याच्या ध्यानात आलं नसावं. मी म्हणाले, "फडकं आहे, पण ज्याचे हात पुसून निघतील त्याच्यासाठी." तो उभा राहिला, काहीतरी बोलेल असं वाटलं, मग मान खाली घालून गेला. घरी येऊन मी हे मोठ्या दिमाखात ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "फडकं द्यायचं होतंस." त्या दिवशी मी जेवले नाही.

इतके दिवस लंबू छतावर असला की खटक्यापाशी दुसरा मेकॅनिक थांबायचा. त्याची बदली झाली आणि कंपनीने नवा माणूस दिला नाही. म्हणजे पुन्हा लंबू छतावर आणि हे खटक्यापाशी. त्या दिवशी सकाळी हे स्टुलावर इतका वेळ बसले की शेवटी मीच दार वाजवल्यासारखं त्यांच्या खांद्यावर वाजवलं. "उठा, देवालाही दुसरी कामं असतील." त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते लाल होते. मी म्हटलं, झोप झाली नसेल.

दुपारी आम्ही माझ्या खोलीत एकत्र जेवतो. दीड वाजला, दोन वाजले, हे आले नाहीत. मी डबा उचलला आणि लोखंडी जिना चढून वर गेले.

हे स्टुलावर बसले होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, थंडीत लहान मूल बसतं तसे. खोलीत तर भट्टी पेटल्यासारखं गरम होतं. समोर दोन नंबरचा खटका बंद. त्याला कपाटात पडून राहिलेलं आठ नंबरचं लाल कुलूप, अजून नवं कोरं. आणि चावी ह्यांच्या पायाशी जमिनीवर पडलेली.

"अहो, जेवायचं नाही का?"

"तो छतावर आहे," हे म्हणाले. "तिसऱ्या मजल्याला."

"मग?"

"कुलूप लावायला वर आलाच नाही. फोन केला नुसता. मी म्हटलं, ये, तुझं कुलूप लाव, चावी घेऊन जा. म्हणाला, दादा, तू आहेस ना तिथे, मग कुलूप कशाला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याचा हात तोडला, ज्याचं नाव फळ्यावर टांगलं, त्याच्याच चांगुलपणावर पाय ठेवून हा लंबोड्या बिनघोर उभा! "बघितलंत? बघितलंत ना? त्याला पक्कं ठाऊक आहे तुम्ही काही करणार नाही. गरीब गाय ना तुम्ही!"

"तू आता बोलू नकोस. ती चावी उचल आणि त्याला नेऊन दे."

"मी? त्याला? मरताना पाणी मागितलं तरी..."

"नेऊन दे गं."

त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता तसा होता. मी नीट बघितलं. कपाळावरून घाम ओघळून हनुवटीवर आला होता, आणि तो पुसायलासुद्धा ते हात बाहेर काढत नव्हते.

"कुलूप मीच लावलं," ते म्हणाले, "पण चावी माझ्याजवळ आहे. तीनदा उचलली मी. एकदा कुलपात घातलीसुद्धा. मग खाली टाकली. उठून त्याला द्यायला जायचं तर खटक्याला खेटून जावं लागतं. त्याचा माझ्यावर भरवसा आहे. माझा माझ्यावर नाही."

मी डबा जमिनीवर ठेवला.

"मी सकाळी काय मागतो, तुला काय वाटतं?" ते म्हणाले. "मन शांत कर म्हणतो? त्याला क्षमा कर म्हणतो? कसली शांती गं! सात महिन्यांत एक दिवस असा गेला नाही की मी मनात हा खटका वर केला नाही. एवढंच म्हणतो, देवा, तो कधी छतावर असेल आणि मी इथे असेन, तेव्हा तू मध्ये ये. मला धरून ठेव. बाकी न्याय काय करायचा तो तू कर, पण माझ्या हातांनी नको." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आज सकाळपासून वाट बघतोय. कोणीच आलं नाही. तू आलीस."

मला हसावं की रडावं कळेना. देवाने पाठवायला माणूस तरी कोण निवडावं! तीनशे चादरींवर रोज त्या माणसाची बोटं मागणारी बाई! मी वाकले आणि चावी उचलली. ती त्यांच्या घामाने ओली होती.

मशीनरूमपासून तिसरा मजला म्हणजे भरपूर पायऱ्या. सातव्या मजल्यापर्यंत मी रागाच्या भरात उतरले. सहाव्यावर राग ओसरला आणि डोकं चालू लागलं, आणि माझं डोकं चालू लागलं की काही खरं नसतं. पाचव्या मजल्याच्या वळणावर कचऱ्याचा मोठा डबा आहे. मी तिथे थांबले. मनात आलं, चावी द्यायचीच कशाला? इथे टाकावी, दहा मिनिटं थांबावं, वर जावं आणि सांगावं, दिली. कोणाला काही झालं नाही, कोणाचं बोट गेलं नाही. फक्त मी माझ्या पायांनी त्याच्यापर्यंत गेले नाही, एवढंच मला हवं होतं. एवढासा सूड, नखाएवढा.

मी डब्याचं झाकण उचललंसुद्धा. आणि तिथेच माझ्या लक्षात आलं की वर जाऊन मी जे बोलणार आहे ते काय आहे. लाल कुलपाच्या चावीबद्दल खोटं. माझ्या नवऱ्याच्या तोंडावर. शब्द बदलले, पण जात तीच. चौकशीत लंबू ज्या खुर्चीवर बसला होता त्याच खुर्चीवर मी बसायला निघाले होते. झाकण टाकलं आणि कठडा धरत खाली उतरले.

तिसऱ्या मजल्यावर 'काम चालू आहे'ची पाटी लावलेली होती. लिफ्टचं दार उघडं आणि आत, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर लिफ्टचं छत. त्यावर लंबू उकिडवा बसून रुळांना तेल लावत होता. कपाळाला बॅटरी बांधलेली. जवळून बघितला तर केस पांढरे झाले होते, शर्टाची कॉलर झिजलेली. सात महिन्यांत मी त्याला इतक्या जवळून बघितलंच नव्हतं.

"वहिनी?" तो दचकला. आणि पहिली नजर कुठे गेली सांगू? वर. अंधारात, दोर जिकडे जातात तिकडे. म्हणजे इतकाही बिनघोर नव्हता.

मी चावी पुढे धरली. "घ्या. कुलूप लावलंय. चावी तुमच्या खिशात ठेवा."

"दादाने पाठवली?"

"हो."

"का? मी म्हटलं होतं ना त्याला की..."

का ते सांगायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर हा पठ्ठ्या तिथेच थरथर कापला असता आणि मला आठवडाभर छान झोप लागली असती. पण ते ह्यांचं होतं, माझं नव्हतं. मी म्हणाले, "नियम आहे."

त्याने हात पुढे केला. तेलकट, पाची बोटं धड. ज्या बोटांवर मी सात महिने नजर ठेवून होते तीच. मी त्यांच्यात चावी ठेवली. मग मात्र माझ्याच्याने राहवलं नाही.

"तेव्हाही लावलं होतं, भावोजी," मी म्हणाले.

चावी त्याने वरच्या खिशात घातली, खिशाचं बटण लावलं, आणि बटणावर हात तसाच दाबून बसून राहिला. मी वळले तेव्हाही तो तसाच होता. पुढे तो साहेबांकडे गेला असेल, रडला असेल, नोटीस उतरली असेल, असं तुम्हाला वाटत असेल तर तसलं काही झालेलं नाही. आज हे सांगतेय तेव्हाही नोटीस फळ्यावर आहे. एक कोपरा सुटून लोंबतोय एवढंच. लंबू आता रोज मशीनरूममध्ये येतो, कपाटातलं आठ नंबरचं कुलूप स्वतः लावतो आणि चावी घेऊन जातो. दोघं एकमेकांशी कामापलीकडे एक शब्द बोलत नाहीत.

मी धापा टाकत वर पोचले. हे अजून हातांवरच बसलेले.

"दिली?"

"दिली. खिशात घातली त्याने. बटण लावलं."

तेव्हा कुठे त्यांनी हात मांड्यांखालून काढले. पांढरे पडले होते, त्यांवर स्टुलाच्या पट्ट्यांचे वळ उठले होते. मी दोन्ही हात धरून चोळू लागले. तीन बोटांचा हात आधी चोळला. मग मी डबा उघडला. त्यांना घास धरता येईना, म्हणून मी भरवला. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच.

"आणि उद्या?" मी विचारलं.

त्यांनी घास गिळला. समोरच्या खटक्याकडे बघितलं.

"उद्याचं उद्या सकाळी मागीन," ते म्हणाले. "तू तेवढा डबा वेळेवर आण."